आपला तो धूप

डोंबिवलीत एमआयडीसीजवळ राहणाऱ्याला घड्याळ लागत नाही. सडक्या कोबीसारखा वास आला की रात्रीचे साडेअकरा, नेलपॉलिशसारखा आला की दूधवाला येणार. पुण्याच्या मावशी पहिल्याच रात्री दचकून उठल्या आणि गॅसचा कॉक तपासून आल्या. "झोपा मावशी, वास बाहेरचा आहे," मी म्हटलं. त्या झोपल्या नाहीत. आम्ही मात्र याच एका वाक्यावर वर्षानुवर्षं झोपतोय.

आमचं गाव रंगेलही आहे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा रंगपंचमी यायची होती.

तर परवा सोसायटीच्या सभेत हवेचा विषय निघाला. तळमजल्यावरचे नाना फोनवर हवेचा निर्देशांक बघतात आणि जिन्यात स्कोअर सांगावा तसा सांगतात. "आज १८०!" सरकारी भाषेत १०१ ते २०० म्हणजे 'मध्यम'. आमटीला लावावा असा शब्द फुफ्फुसाला लावलाय, असं नानांचं म्हणणं. थंडीत जमिनीलगतची हवा गार राहते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसून धूर कोंडतो, हेही त्यांनी समजावलं. "म्हणजे दोष झाकणाचा," कुणीतरी मागून म्हणालं.

गुन्हेगार कारखानेच, यावर एकमत झालं. आमच्या सभेतलं हे पहिलंच एकमत. ते मोडलं जोशीकाकूंनी. "मागच्या बाजूला रोज पालापाचोळा जळतो, त्याचं काय?"

"तो नैसर्गिक आहे," सेक्रेटरी म्हणाले.

दिवाळीतल्या फटाक्यांची माळ परंपरेत गेली. नानांच्या जुन्या स्कूटरचा धूर पांढरा असल्यामुळे सुटला. संध्याकाळचा धूप तर डास घालवतो, म्हणजे औषधच. आपला तो धूप, दुसऱ्याचा तो धूर. शेवटी कारखान्यांविरुद्ध अर्ज करायचं ठरलं आणि सह्यांसाठी पेन शोधता शोधता सभा संपली.

मी गप्प होतो, कारण माझ्या बाथरूमचं काम चालू होतं. मिस्त्री गच्चीवर फरश्या कापायचा. कटर लागला की पांढरा ढग उठायचा आणि वाऱ्याबरोबर निघून जायचा. कुठे, ते मी विचारलं नव्हतं.

आठवड्याने जोशीकाकू कुरडयांचा डबा घेऊन आल्या. "यंदाच्या आहेत. गच्चीवर छान कडक वाळल्या, पण भाऊजी, दाताखाली जरा कचकच येतेय. गव्हातच खडा होता की काय!"

"या कारखान्यांनी नुसता वैताग आणलाय हो," मी म्हटलं.

काकूंनी मान डोलावली आणि मी खातो का, ते बघत उभ्या राहिल्या. मग खाल्ली. पहिल्याच घासाला ओळख पटली. फिकट निळी, चौरस फुटाला पासष्ट रुपये, मीच पसंत केलेली.