नवापूरला बघण्यासारखं काय आहे?

पर्यटनस्थळांच्या यादीत नाव यायचं तर गावाकडे निदान एक तरी 'पॉइंट' असावा लागतो. महाबळेश्वर-माथेरानकडे ते इतके आहेत की संध्याकाळपर्यंत सगळे उरकताना माणूस दरीकडे न बघता घड्याळाकडेच बघतो. नवापूरकडे साधा सनसेट पॉइंटही नाही. सूर्य तिथेही रोज मावळतो, पण गावाच्या पश्चिमेला लगेच गुजरात सुरू होत असल्यामुळे तो परराज्यात मावळतो आणि त्याचं श्रेय घेता येत नाही. राष्ट्रीय उद्यान नाही, लेणी नाहीत, घोड्यावर बसवून फोटो काढणारे नाहीत. तेव्हा 'नवापूरला बघण्यासारखं काय आहे?' या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर 'तसं काही नाही, जंगल आहे' असं येतं. जंगल 'काही नाही'च्या खात्यात टाकायचं, हे फक्त ज्यांच्याकडे ते आहे त्यांनाच जमतं. पण हे उत्तर चुकीचं आहे आणि चूक गावाची नसून विचारणाऱ्याच्या हातातल्या नकाशाची आहे, असं माझं म्हणणं आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात, चांदोली सह्याद्रीत आणि सहावं थेट मुंबईच्या घरात, बोरिवलीला. नवापूर ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे त्याच्या वाट्याला एकही नाही. म्हणजे नवापूरच्या माणसाला आपल्या राज्याचं राष्ट्रीय उद्यान बघायचं असेल तर एक तर अख्खा खानदेश ओलांडून मेळघाटातलं गुगामल गाठायचं, नाही तर बिबट्या बघायला मुंबईला जायचं. आणि इकडे दक्षिणेला डांगचं जंगल जवळजवळ दाराशी. त्यात पूर्णा अभयारण्य, आणि डांग ओलांडला की वांसदा राष्ट्रीय उद्यान. १९७९ साली जाहीर झालेलं, जेमतेम चोवीस चौरस किलोमीटरचं. पूर्वी वांसदा संस्थानच्या राजाचं खासगी रान. पण ते पडलं गुजरातेत. त्यामुळे आपल्याकडच्या माहितीपत्रकात नवापूरच्या पुढे कोरा कागद असतो, जणू तिथून अरबी समुद्रच सुरू होतो. पलीकडच्या पत्रकात हाच समुद्र उलट्या दिशेने पसरलेला असतो. सागाला हे कुणी कळवलेलं नाही. अलीकडे साग, बांबू, खैर आणि मोह, पलीकडेही साग, बांबू, खैर आणि मोहच. बिबट्या रात्री या राज्यातून त्या राज्यात जातो तेव्हा त्याची नोंद कोणत्या वनखात्याने करायची हा प्रश्न खात्याला पडत असेल, बिबट्याला नाही. मावची बोलणारी माणसं दोन्हीकडे आहेत, त्यांचे सोयरे दोन्हीकडे आहेत आणि वाघदेवही दोन्हीकडे आहे. पट्टेरी वाघ या पट्ट्यातून कधीच गेला, देव मात्र राहिला आणि त्याचा मान अजून चालू आहे. व्याघ्रप्रकल्पांना हेवा वाटावा असं हे सातत्य आहे.

वारशाचीही तीच कथा. सुरतेच्या रस्त्याला लागलं की सोनगडचा किल्ला लागतो. तो पिलाजीराव गायकवाडांचा, आणि ते मूळचे पुणे प्रांतातल्या दावडीचे. बडोद्याची गादी नंतरची. त्याआधी गायकवाडांचं ठाणं होतं ते याच सोनगडला. मराठी माणसाचा किल्ला म्हटलं की आपण छाती फुगवून ट्रेकिंगचे बूट चढवतो, पण तो तापी जिल्ह्यात असला की इतिहासाची ऊर्मी सीमेवरच्या नाक्यावर उतरते. त्याच वाटेवर तापीवरचं उकाई धरण, १९७२ सालचं. धरण गुजरातेत, पण साठलेलं पाणी मागे सरकत महाराष्ट्रात आलं आणि नवापूर-नंदुरबारकडची गावं त्याखाली गेली. पाण्याला कुणी परमिट विचारलं नाही. सीमा न मानणाऱ्या निसर्गाचं कौतुक करताना हा हिशेबही मांडायला हवा, कारण तो गमतीचा नाही.

आता कुणी म्हणेल, नंदुरबार जिल्ह्यात तुम्हाला काहीच दिसत नाही का? दिसतं. सातपुड्यावरचं तोरणमाळ आहे, यशवंत तलाव आणि सीताखाई आहे. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा आहे, तिथल्या टेकाडात पुरातत्त्व खात्याने १९५४-५५ मध्ये उत्खनन करून ताम्रपाषाणयुगापर्यंतचे थर उघडे केले. पण नवापूरहून तोरणमाळला जायला तापी ओलांडून सातपुडा चढावा लागतो. सोनगडला जायला गाडीत बसून राहावं लागतं. एक 'आपल्या जिल्ह्यातलं' म्हणून जवळचं आणि दुसरं 'परराज्यातलं' म्हणून लांबचं मानायचं, हा भूगोल फक्त सरकारी फायलीत खरा असतो.

या फायलीचा भूगोल प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचा तर एकच जागा आहे, आणि ती नवापुरात आहे: रेल्वे स्टेशन. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन बरोबर रेषेवर सापडलं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं कार्यालय गुजरातेत. साधारण आठशे मीटरच्या फलाटापैकी तीनशे मीटर आपले, पाचशे त्यांचे. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होते. चौथी भाषा संपेपर्यंत पहिलीत काय सांगितलं ते विसरायला होतं. आणि फलाटावर तो प्रसिद्ध बाक. मधोमध रंगाची रेघ, एका अंगाला 'महाराष्ट्र', दुसऱ्या अंगाला 'गुजरात'. मधे बसणाऱ्याचा एक पाय दारूबंदीत आणि दुसरा मोकळा. बाक दोन्हीकडे सारखाच टणक आहे.

'बाकाला काय वारसा म्हणायचं?' हा आक्षेप अपेक्षित आहे. ग्रिनिचला लोक पितळी पट्टीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढतात, आणि हल्लीच्या उपग्रहांच्या मते शून्य रेखांश त्या पट्टीपासून सुमारे शंभर मीटर पूर्वेला आहे. चुकलेली रेघ बघायला लोक तिकीट काढतात. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर बार्ले नावाच्या गावात देशाची हद्द घरांमधून जाते. ती बघायला पर्यटक येतात आणि कुणी हसत नाही. राज्यं भाषेवर तोडली गेली, त्या मोठ्या घटनेची खूण कुठे उघड्यावर, हात लावून बघता येईल, तर ती इथे. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या मातीत काही वेगळं आहे हे सरकारने डाळीच्या बाबतीत मान्य केलं आहे. बाकाच्या बाबतीत अडायचं कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोक येतील, बाकावर सेल्फी काढतील, गाडी सुटायच्या आत डब्यात चढतील. आणि चुकून उतरलेच तर जंगलात प्लास्टिकच्या बाटल्या टाकून येतील. त्यापेक्षा कुणाच्या यादीत नसलेलं बरं. हे मला निम्मं पटतं. प्रसिद्धी कशी येते याचा अनुभव नवापूरने घेतला आहे: फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्रीत सापडला, गावाचं नाव देशभर झालं आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पण मग बाटल्या न टाकणारा माणूसही येत नाही, ही न पटणारी निम्मी बाजू. आणि रानाला मोठी कमान, तिकीटघर, जीपची रांग हवीच असं कुठे आहे? पावसाळ्यात कोंडाईबारीचा घाट नुसत्या बसच्या खिडकीतून बघितला तरी भागतं. समोर ट्रक बंद पडला असेल तर जरा जास्तच वेळ बघायला मिळतो.

तेव्हा रेघ पुसा असं माझं म्हणणं नाही. ती पुसली तर बाकावर बघायला काय उरणार? ती बाकावरच ठेवावी, फिरण्याच्या नकाशावरून तेवढी काढावी. दोन्ही राज्यांच्या पर्यटन महामंडळांनी मिळून एकच पत्रक छापावं: मधे नवापूर स्टेशन, भोवती डांगचं जंगल, वांसदा, सोनगड, उकाई, प्रकाशा, तोरणमाळ. मजकूर मराठी आणि गुजराती दोन्हीत असावा, मावचीत असला तर फारच छान. छपाईच्या खर्चावरून भांडण होण्याचं कारण नाही. फलाटाच्या हिशेबाने तीनास पाच या प्रमाणात तो वाटून घ्यावा.