कोपऱ्यावरच्यांनी सही केली म्हणे

"कोपऱ्यावरच्यांनी सही केली म्हणे."

माईंनी एवढं जास्वंदीवरून माझ्याकडे टाकलं आणि कुकर बंद करायला आत गेल्या. बातमी टाकायची आणि ऐकणारीला जरा तिष्ठत ठेवायचं, ही त्यांची जुनी रीत. आमच्या दोन बंगल्यांमधली भिंत काळ्या दगडाची, छातीएवढी. एका जागी वरचा दगड चांगला सपाट आहे, वाटी ठेवण्यापुरता. अळूवड्या, लिंबाचं लोणचं आणि प्रभात रोडच्या या गल्लीतली एकूण एक भानगड त्याच दगडावरून इकडची तिकडे होते.

माई बाहेर आल्या तशी मी विचारलं, "कशावर सही?"

"कशावर म्हणजे? बिल्डरच्या कागदांवर! दोन्ही भावांनी केली. बहिणीची राहिलीय, ती कॅनडाहून मुखत्यारपत्र पाठवणार. खाली पार्किंग, वर सात मजले."

"सात? या गल्लीत?"

"सात नाही," समोरच्या फाटकातून आवाज आला. "नकाशे अजून मंजूर व्हायचेत. उगाच अफवा पसरवू नका."

समोरचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही अण्णांमधून निवृत्त झालं नाही. पेपर घडी करून काखेत मारला की समजावं, आता व्याख्यान आहे. रस्ता ओलांडून ते आमच्या भिंतीशी आले. ओलांडून म्हणजे काय, आठ-दहा पावलं. गल्ली सहा मीटरची, त्यात दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, त्यामुळे ओलांडायला उरतं ते एका रिक्षापुरतं.

सहा मीटर हा आकडा आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. म्हणजे दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत आणून आपल्या प्लॉटवर चढवता येत नाही, मूळ १.१ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकामावर, भागवावं लागतं. तेवढ्यात बिल्डरला काही सुटत नाही, म्हणून आमचे बंगले इतकी वर्षं टिकले. लोक म्हणतात पुणेकरांना वारशाची जाण आहे. असेलही. पण या गल्लीचा वारसा मुख्यतः तीन मीटर कमी पडल्यामुळे शाबूत राहिला, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग २०२० चा जून आला. लोक घरात कोंडलेले, आणि महापालिकेच्या स्थायी समितीने असे ३२३ रस्ते सहाचे नऊ मीटर करायला मंजुरी दिली. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. बातमी आली त्या दिवशी या भिंतीवर जी गर्दी झाली, ती मास्क लावून झाली एवढंच. गल्ल्यागल्ल्यांतून हरकती गेल्या, पत्रं गेली. तेव्हापासून प्रत्येक घरात दोन पक्ष आहेत. आमच्याकडे माई विरोधात, अण्णा बाजूने, आणि मी चहा करते.

"बाजूने म्हणजे काय," अण्णा म्हणाले, "उद्या आग लागली तर बंब आत यायला नको? परवा ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर अडकली, स्ट्रेचर चालत आणावं लागलं. नऊ मीटर म्हणजे चैन नव्हे."

"बंब अडतो तो गाड्यांनी," माई म्हणाल्या. "आणि गाड्या कुणाच्या, ते मी सांगत नाही."

अण्णांच्या दोन्ही गाड्या बाहेर असतात.

"तुमचा मुद्दा मान्य करू, पण शहराने जायचं कुठे?" अण्णांनी गाड्यांचा विषय सफाईने वळवला. "२०१७ मध्ये ११ गावं हद्दीत घेतली. २०२१ मध्ये आणखी २३. तिथे बिल्डिंगा झाल्या, लोक राहायला गेले, आणि पाणी? टँकरचं. त्यापेक्षा जिथे शाळा आहे, दवाखाना आहे, मेट्रो चालत जाण्याइतकी जवळ आहे, तिथे चार मजले वाढले तर बिघडलं काय? तुम्हाला बकुळीची सावली हवी आणि तरुण जोडप्याने घर घ्यायचं ते पार हद्दीच्या टोकाला, हा कुठला न्याय?"

यावर माई एकदम बोलल्या नाहीत. मीही नाही. अण्णांचं हे म्हणणं खोडणं सोपं नाही. माझ्या भाचीने लांब घर घेतलंय, तिचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो. या भागाचं जे कौतुक चालतं त्यात आधी येऊन बसलेल्यांचा गर्व थोडा असतोच. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली तेव्हा हे गावाबाहेरचं मोकळं रान होतं. तेव्हा नदीपलीकडच्या पेठेतल्या कुणी 'कशाला वाढवताय गाव' म्हणून हरकत घेतली असती तर आमचे बंगले कुठे असते?

माई मात्र थेट पेठेतच शिरल्या. त्यांचं माहेर नारायण पेठेतलं.

"अण्णा, रुंदीकरण मला नका शिकवू. मी ते लहानपणापासून बघतेय. १२ जुलै ६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी आलं नि आमचा वाडा बसला. मातीच्या भिंती त्या, पाणी ओसरल्यावर नुसता ढीग. दिंडी दरवाजा तेवढा उभा, आणि आत काही नाही. काकांनी मग तिथे इमारत बांधायची ठरवली. कॉर्पोरेशनने सांगितलं, रस्ता रुंद व्हायचाय, तुम्ही इतके फूट मागे सरून बांधा. काका सरले. शहाणा माणूस. शेजारचा वाडा पक्का होता, पडला नाही. त्यात जुने भाडेकरू, भाडं म्हणाल तर मालकाच्या वाण्याचं बिल भागणार नाही एवढं. तो मालक कशाला पाडतोय? पाडला नाही म्हणून सरला नाही. पुढचा अर्धा सरला. त्यापुढे देऊळ, ते सरेल कसं?"

"म्हणजे दात पडलेल्या तोंडासारखा झाला रस्ता," मी म्हटलं.

"अगदी! आणि काकांनी जी जागा सोडली, तिथे पहिल्यांदा सायकलचं पंक्चर काढणारा बसला. मग उसाचा रस. मग स्कूटरी, आता मोटारी. रस्ता होता तेवढाच आहे. काकांचं अंगण गेलं, तुळस गेली, आणि लोकांना फुकट गाड्या लावायची सोय झाली."

माईंची नात आर्किटेक्चर शिकते. ती मगाचपासून पायरीवर टेप गुंडाळत बसली होती. कॉलेजने आपापली गल्ली मोजून नकाशा काढायला सांगितलाय म्हणे. ती म्हणाली, "आज्जी, त्याला रस्त्याची नियमित रेषा म्हणतात. महापालिका कायद्याचं कलम २१०. रेषा एका दिवसात आखता येते. पण कॉर्पोरेशन रोख पैसे मोजून सगळ्या भिंती एकदम पाडत नाही. जो नवं बांधकाम करायला जाईल त्याची जागा त्या वेळी घ्यायची, बदल्यात त्याला एफएसआय द्यायचा. म्हणजे रस्ता कधी पूर्ण होणार, ते गल्लीतला शेवटचा माणूस ठरवणार."

"आणि शेवटची मीच असणार," माई म्हणाल्या.

पोरीने नेमकं सांगितलं. सगळी भांडणं मजल्यांवरून होतात, पण मधल्या तीस-चाळीस वर्षांचं काय, यावर कुणी बोलत नाही. कोपऱ्यावरचे दीड मीटर मागे जातील, तिसऱ्या घराचा कोर्टात वाद, ते जिथल्या तिथे. पाचवे जातील, माई जाणार नाहीत. बंब यायला लागणारी सलग नऊ मीटरची वाट मिळेल तेव्हा मिळेल, नवी घरं आणि त्यांच्या गाड्या मात्र पहिल्या भोगवटा पत्रापासून हजर. तुकड्या-तुकड्यांनी सोडलेल्या जागेला रस्ता म्हणायचं धाडस फक्त नकाशा करतो.

"आणि खालचं काय?" मी अण्णांना विचारलं, कारण हा त्यांचा प्रांत. "एका बंगल्यात दोन बिऱ्हाडं होती तिथे अठरा होणार. ड्रेनेजची लाइन?"

अण्णांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "लाइन जुनीच आहे. चिनी मातीचे पाइप. मी असताना... म्हणजे मी काही त्या खात्यात नव्हतो, पण चेंबर उघडलं तेव्हा पाहिलंय. बकुळीची मुळं आत शिरलीत."

"म्हणजे बकुळही जाणार."

"बकुळ भिंतीच्या आत फुटावर आहे, माई. दीड मीटरमध्ये ती येतेच."

थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग बोलणं गावभर भटकून आलं. शहराचा विषय निघाल्यावर पुणेकर गल्लीपुरता थांबला असं कधी झालंय? जंगली महाराज रस्ता निघणारच होता: सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर केलेला, आणि हमी संपल्यावरही वर्षानुवर्षं खड्ड्याविना राहिलेला. अण्णा ही गोष्ट दर पावसाळ्यात नव्याने सांगतात. त्यावर माईंचं ठरलेलं, की इतकं चांगलं काम केलं म्हणूनच त्या लोकांना पुन्हा बोलावलं नसेल. मग विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल, जो पुरती पंधरा वर्षंही वापरला नाही तोच २०२० मध्ये पाडला, कारण तिथे मेट्रोसकट दुमजली हवा होता. मग चांदणी चौकातला जुना पूल. २०२२ च्या ऑक्टोबरात मध्यरात्री स्फोट केला, सगळं गाव टीव्हीपुढे जागं, आणि पठ्ठ्या पूल पुरता पडलाच नाही. उरलेला मशिनने फोडावा लागला.

"जुनं काम ते," अण्णा समाधानाने म्हणाले. पूल पाडायला हवा होता हे मत त्यांचंच.

"मेट्रोचं डेक्कन स्टेशन मला आवडतं," नात म्हणाली. भिंतीच्या तिन्ही बाजूंनी भुवया वर गेल्या. "छताला पगडीचा आकार दिलाय. मावळ्याची."

"मावळ्याची?" माई म्हणाल्या. "पुण्यात पगडी करायची आणि ती पुणेरी नाही? कुणाला विचारलं होतं?"

"विचारलं असतं तर अजून पायाच खणत असते," अण्णा म्हणाले. ते खरंच आहे. लकडी पुलावरून मेट्रो न्यायची वेळ आली तेव्हा विसर्जनाचे उंच रथ खालून जाणार कसे, म्हणून मंडळांनी काम अडवलंच होतं. बाहेरच्यांना हसू येतं. मला वाटतं, वर्षातून एकदा का होईना, रस्त्याची उंची मिरवणुकीने मोजणारं गाव निदान वर मान करून बघतं तरी. भिंती आणि मजल्यांचं मोजमाप कुणी त्या तळमळीने केलं तर!

तेवढ्यात माईंनी खरी बातमी काढली. सकाळची सही म्हणजे नुसती नांदी होती.

"तो कोपऱ्यावरचा बिल्डर माझ्याकडेही आला होता. म्हणतो, तुम्ही आणि शेजारच्या ताई, दोघी मिळून द्या. दोन प्लॉट एकत्र केले की मधलं सामासिक अंतर सोडावं लागत नाही, मोठी इमारत बसते, दोघींनाही जास्त मिळेल."

"मधलं म्हणजे ही भिंत?"

"ही भिंतच. मी म्हटलं, बाबा रे, मग आम्ही बोलायचं कुठे? तर म्हणतो, आजी, आम्ही क्लब हाउस देतोय ना!"

"नाव काय देणार?" मी विचारलं. माईंच्या फाटकावर संगमरवरात 'श्रमसाफल्य' कोरलंय. सासऱ्यांनी मास्तरकीत पैसा पैसा साठवून बांधलेलं घर, त्याला दुसरं नाव शोभलंही नसतं.

"ते इंग्रजी काहीतरी म्हणाला. आणि खाली बारीक अक्षरात आमचं ठेवतो म्हणाला, पाटीवर. चहा दिला मी त्याला. साखर कमी घालून."

नात टेप घेऊन उठली. गल्लीच्या मध्यावर खडूने रेघ मारली आणि तिथून दोन्ही बाजूंना साडेचार मीटर मोजायला लागली. अण्णांनी हौसेने टेपचं टोक धरलं. माईंकडे खूण बकुळीच्या पलीकडे आत गेली. माझ्याकडे ती पाण्याच्या मीटरवर आली. दोन्ही वेळा अण्णा "बघा, फार काही जात नाही" म्हणाले.

मग त्यांच्या फाटकातून टेप आत गेली. नात वाकली, पुन्हा एकदा मोजलं, आणि अण्णांच्या गॅरेजच्या पुढच्या खांबाच्या हातभर मागे, आतल्या फरशीवर खडूने फुली मारली.

"आजोबा, हे गॅरेज मंजूर नकाशात आहे ना?"

"ते तात्पुरतं आहे," अण्णा म्हणाले.

"हो तर," माई भिंतीवरून म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हाही तात्पुरतंच होतं."

अण्णांनी फुलीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, काखेतला पेपर उलगडून परत घडी केला. मग आवाज जरा उतरवून नातीला म्हणाले, "काय गं, हरकती पाठवायची मुदत अजून आहे का?"