डोळं झाकून घ्या!

आमचे थोरले चुलते, आबा, बैल घ्यायला निघाले की घरात लग्न निघाल्यासारखी धांदल असायची. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, तिथं नाहीच जमलं तर पौषात खरसुंडी. पहिल्या दिवशी नुसतं हिंडायचं, कुणाला मनातलं कळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी एखादं खिलार खोंड नजरेत भरलं की त्याचा जबडा उघडून दात बघायचे, आदत आहे, दोन दाती आहे की जुळलंय. अंगावरचे भोवरे शोधायचे. खुर उचलायचा, शेपटी पिळायची, चालवून बघायचं, मग गाडीला जुंपून बघायचं. एवढं सगळं पसंत पडलं की दलालाच्या हातात हात घालून, वर टॉवेल टाकून, बोटं दाबत तासभर भाव चालायचा. तोंडावरची माशीसुद्धा हलायची नाही. बैल घरी यायचा तो तिसऱ्या दिवशी.

हेच आबा जुनी मोटारसायकल घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. आबांनी सीटवर थाप मारली, टाकी हलवून आतल्या पेट्रोलचा आवाज ऐकला आणि मालकाला विचारलं, "गाव कंचं म्हणायचं?" मालक निघाला आबांच्या सासुरवाडीशेजारचा. चहा आला, पैसे गेले. सगळा सौदा अर्ध्या तासात उरकला, त्यातली पंचवीस मिनिटं कुणाची पोरगी कुठं दिली यात गेली. परतताना आबा म्हणाले, "माणूस सोन्यासारखा हाय." होताच. पिस्टनच्या रिंगांना मात्र आबांची सासुरवाड ठाऊक नव्हती. पहिल्याच चढाला गाडीनं असा निळा धूर सोडला की मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं दिवे लावले.

कृष्णाकाठची रीतच ही. पाटी साताऱ्याची एमएच-11 असो, सांगलीची एमएच-10 असो की मधल्या कऱ्हाडची एमएच-50, आपल्याकडं गाडीऐवजी मालकाचेच दात मोजतात. ज्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून एकेकाळी प्रिया स्कूटरी बाहेर पडायच्या, त्या साताऱ्यातल्या माणसाला तरी नटबोल्टाची अक्कल असावी, असा माझा समज होता. तो माझ्याच बाबतीत कसा खोटा ठरला, ते पुढं येईलच.

आधी या बाजाराची भाषा समजून घेऊ. 'एक हाती' म्हणजे एका वेळी एकच हात. 'शोरूम कंडिशन' म्हणजे काल संध्याकाळी धुऊन पॉलिश मारलं. 'काही काम नाही' म्हणजे मालकानं आजवर काही काम केलेलं नाही, आणि 'किरकोळ काम आहे' म्हणजे इंजिन खोलायची तयारी ठेवा. 'पेपर क्लिअर' म्हणजे कागदावरचं काहीही आता वाचता येत नाही. सगळ्यात वजनदार शब्द 'डॉक्टरांची गाडी'. मिरजेत डॉक्टर भरपूर, हे मान्य. 1894 साली वान्लेस साहेबांचं इस्पितळ सुरू झालं तेव्हापासून मिरज दवाखान्यांसाठी ओळखली जाते. पण या पट्ट्यात डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या शंभर सीसीच्या गाड्या विकल्या गेल्या, त्या खरंच त्यांच्या असत्या तर बिचाऱ्यांना पेशंट तपासायला फुरसत मिळाली नसती. दिवसभर किकच मारत बसले असते.

आरएक्स 100 घेणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही. ती गाडी 1996 साली बंद झाली, म्हणजे सगळ्यात धाकटीसुद्धा आता घोडनवरी. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते, मग दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तिचं पुन्हा पासिंग करायचं. तरी पोरं नव्या गाडीचे पैसे मोजून ती नेतात. तो व्यवहार नव्हे, भक्ती आहे, आणि भक्तीत पावती मागत नाहीत.

तर माझी गोष्ट. दाजींनी सांगलीत एक गाडी बघून ठेवली होती. बघून म्हणजे फोटोत. "आपल्या आत्याच्या जावेच्या माहेरची माणसं. 2014 चं मॉडेल, अठरा हजार किलोमीटर, घरची गाडी." मी म्हटलं, गोडोलीतल्या आपल्या मिस्त्रीला बरोबर घेऊ. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मुलगी बघायला निघताना मी क्ष-किरणाचं मशीन न्यायची गोष्ट काढली. "पाव्हणं, मिस्त्री नेला तर त्यास्नी काय वाटंल? इश्वास न्हाई म्हणतील." भीड भिकेची बहीण, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण दाजींसमोर शाळा आठवत नाही. शिवाय त्यांनी फोनवरूनच पाच हजार इसार देऊन टाकला होता. आम्ही पोवई नाक्यावर एसटीची वाट धरली.

मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत घर. दारात गाडी पुसून उभी, टाकीवर हार घालायचाच बाकी. मालक अगत्याचा. "या, या! मारा किक. एका किकेत चालू झाली न्हाई तर गाडी फुकट न्या." मी किक मारली. खरंच एका किकेत चालू झाली. मी कौतुकानं इंजिनावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. इंजिन चांगलं तापलेलं होतं. गाडी सकाळपासून जागची हलली नाही असं मालकच दोन मिनिटांपूर्वी म्हणाला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, एवढा प्रश्न माझ्या मनात आला, तोवर आतून पोहे आले आणि प्रश्न मागं पडला.

ब्रेकच्या पायट्यावरची नक्षी पार झिजून तो ताटासारखा गुळगुळीत झाला होता. फूटरेस्टचं रबर आत लोखंड दिसेपर्यंत गेलेलं. अठरा हजारांत एवढं? "आमचं अण्णा पायानं जड व्हतं," मालक म्हणाला. काट्याची वायर सोडली की काटा थांबतो आणि गाडी पळतच राहते, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. आठवलं ते परतताना.

अण्णा म्हणजे मालकाचे वडील. आरसी बुकावर नाव त्यांचंच. 2021 साली ते गेले. बैठकीच्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोच्या वीतभर खाली हिरव्या रंगात आडवी रेघ मारून 2019 असं लिहिलं होतं. सांगलीत अशा रेघा बऱ्याच घरांत दिसतात. त्या वर्षी ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फुटांची. ज्या घरात जेवढं पाणी चढलं तेवढ्यावर माणसं खूण करून ठेवतात, पुढच्या वेळी सामान कुठवर चढवायचं ते कळावं म्हणून. मी त्या रेघेकडं पाहून हळहळलो. अण्णांच्या फोटोला हात जोडले. फोटो माझ्या डोक्याच्या उंचीवर होता, रेघ माझ्या खांद्याशी होती, आणि दारातल्या गाडीचं हँडल माझ्या छातीला लागत होतं. तीनही उंच्या मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. बेरीज केली नाही, कारण तेवढ्यात चहा आला.

"पुराचं काय?" एवढं मात्र मी विचारलं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

"गाडीला कायबी झालं न्हाई. डोळं झाकून घ्या!"

मग कागद. टीटी फॉर्म म्हणजे सरकारी भाषेत नमुना 29 आणि 30. त्यावर विकणाराच्या जागी अण्णांची सही. तारखेची जागा कोरी. मी चाचरत म्हटलं, "पण अण्णा तर..." मालक म्हणाले, "आधीच करून ठिवल्यात सह्या. लई लांबचा इचार करणारा माणूस." दाजींनी मान डोलावली. नोटरीच्या कागदावर लिहून घेतलं की पुढची सगळी जबाबदारी आमची. नोटरीचा लाल शिक्का बसला की आपल्या माणसाला काशीला जाऊन आल्यासारखं वाटतं. त्या कागदानं गाडी नावावर होत नाही ही बारीकशी गोष्ट सोडली तर नोटरीत काही वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गोडोलीला नेली. मिस्त्रीनं ती गार होऊ दिली. तासभर तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग किक मारली. सहाव्या किकेला चालू झाली. त्यानं सायलेन्सरच्या तोंडापाशी पांढरा कागद धरला, त्यावर तेलाचे ठिपके बघितले, हँडल डावी-उजवीकडं वळवून कोनसेटचा खड्डा चाचपला, पुढचं चाक उचलून हलवलं. मग हँडलच्या मानेवर घासून चेसिस नंबर आरसीशी ताडून बघितला. "नंबर बरोबर हाय, येवढं नशीब समजा. न्हाईतर चोरीची गाडी म्हणून पोलिसांनी आधी तुम्हालाच धरलं असतं." सगळ्यात शेवटी त्यानं हेडलाइटचे दोन स्क्रू सोडले आणि काच ओढली. आतल्या वाटीतून मूठभर वाळलेला काळा गाळ त्याच्या पायांवर पडला. भुसभुशीत, बारीक, दोन बोटांत चुरला की पीठ व्हावं असा. कृष्णेचा गाळ. असल्या गाळावर हळद काय येते म्हणून सांगू!

"सांगलीची का?" मिस्त्रीनं विचारलं. वर बघितलंसुद्धा नाही.

नंतर तो अर्धा तास बोलत होता आणि मी पाना धरून उभा होतो. गार इंजिनवर गाडी बघायची. ज्याचं नाव आरसीवर त्याच्याशीच व्यवहार करायचा, समोर, आधारकार्ड घेऊन. पैसे द्यायच्या आधी फोनवर एमपरिवहनला नंबर टाकायचा, नाव आणि बोजा बघायचा. बोजा असला तर बँकेचं पत्र आणि नमुना 35 आधी, पैसे नंतर. त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर गावच्या पतसंस्थेचा बोजा निघाला. पतसंस्था कधीच अवसायनात गेलेली. माणूस दोन वर्षं अवसायकाला शोधतोय, आणि अवसायक बहुधा ठेवीदारांपासून लपतोय. चलनं बाकी आहेत का तेही बघायचं. पैसे खात्यावरच टाकायचे. आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख नुसती लिहायची नाही, वेळही लिहायची. घरी येतानाच कुणाला ठोकलं तर गाडी त्या वेळी कुणाच्या ताब्यात, हे पाच मिनिटांवर ठरतं.

मालक मेलेला असेल तर टीटी फॉर्मवर सही कुणाचीच चालत नाही. वारसानं नमुना 31 भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची. मी अण्णांच्या लांबच्या विचाराबद्दल मिस्त्रीला काही सांगितलं नाही.

एजंटाकडं गेलो तर त्यानं अर्ज भरायला घेतला आणि म्हणाला, "ओटीपी सांगा." ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. मोबाइल अण्णांचा. जिथं अण्णा आहेत तिथं रेंज असेलही, पण सिमकार्ड घरच्यांनी बंद केलंय. कायदा म्हणतो, विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवावं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. वारसांच्या सह्यांसाठी मी मालकाला फोन करतोय त्याला आता एकेचाळीस दिवस झाले. "पुण्याची भन आली की करू" असं प्रत्येक वेळी उत्तर मिळतं.

यात मालकालाही धसका घ्यायला जागा आहे, पण तो घेत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगून टाकलं की गाडी कितीही हातांतून फिरली असली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी. आपल्या दोन जिल्ह्यांत विकून विसरलेल्या गाड्या किती असतील आणि त्यांचे जुने मालक आज रात्री किती निवांत झोपले असतील, ते बघितलं की झोपेबद्दल आदर वाढतो.

मधे एकदा पोवई नाक्यावर मी हेल्मेटशिवाय सापडलो. चलन अण्णांच्या नावानं फाटलं. जिवंतपणी त्यांच्या नावावर एकही चलन नव्हतं, हे मला नंतर कळलं. फार वाईट वाटलं.

1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी म्हणून नवी सुरक्षा पाटी लागणार होती, ती 531 रुपये भरून मी लावली. वायरिंग नवं टाकलं. काट्याच्या आत गंज होता म्हणून काटा बदलला, आणि त्यामुळं गाडी आता शून्य किलोमीटर चाललेली आहे. हे सगळं झाल्यावर, आरोप करायचा नाही, सोयरीक तोडायची नाही असं ठरवून, मी मालकाला फोन लावला आणि हेडलाइटमधल्या गाळाचं सांगितलं.

तिकडं जरा वेळ शांतता होती. मग ते मनापासून दुखावल्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, पाणी आलंच न्हाई असं म्हनलो का मी? पर टाकीचं झाकण गच्च व्हतं. पेट्रोलमधी एक थेंब गेला न्हाई!"