चार्जिंगची गाडी बंद पडल्यास: घरातील कर्त्या पुरुषांसाठी मार्गदर्शिका

वाढदिवसाला आलेली बॅटरीवरची जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये थांबली, की पाच मिनिटांत तिच्याभोवती समिती जमते. मालक, वय वर्षे चार, स्टिअरिंग धरून आत बसलेलाच असतो. बिघाड फार मोठा आहे, एवढ्यावर समितीचे एकमत होते. प्रत्यक्षात तो लाज वाटावी इतका लहान असतो आणि म्हणूनच सर्वांत शेवटी सापडतो. म्हणून पुढील क्रम असा लावला आहे, की अपमान आधी होईल आणि खर्च नंतर.

१. प्राथमिक चौकशी

स्क्रूड्रायव्हर आणण्यापूर्वी "काल चार्जिंगला लावली होती का?" हा प्रश्न कोणीतरी विचारावा. तो स्वयंपाकघरातून आला, तरी ग्राह्य धरावा. ही बॅटरी पूर्ण भरायला साधारण ८ ते १२ तास लागतात आणि गाडी चालते तासभर. "सकाळी अर्धा तास लावली होती की!" हे उत्तर फेटाळावे.

चार्जरची पिन लावलेली असेपर्यंत बऱ्याच गाड्या मुद्दामच चालत नाहीत, तेव्हा पिन काढून पाहावे. मग रिमोट. त्यावर 'पी' लिहिलेले बटण असल्यास ते एकदा दाबले की गाडी जागच्या जागी उभी राहते आणि पुन्हा दाबेपर्यंत पेडलवर कितीही नाचले तरी उपयोग नसतो. हा रिमोट ज्या काकांच्या मागच्या खिशात असतो, ते त्याच वेळी "मोटर गेली" असे निदान करत असतात.

२. फ्यूज आणि श्रेय

गाडी चढावर थांबली असेल किंवा दोन दणकट भाचे एकदम बसल्यावर थांबली असेल, तर बॅटरीजवळच्या फ्यूजवर संशय घ्यावा. बऱ्याच गाड्यांत तो आपोआप पूर्ववत होणारा असतो: तापला की प्रवाह तोडतो, थंड झाला की जोडतो. त्याच्यासाठी अर्धा-एक मिनिट काहीही करायचे नसते. समितीला हा टप्पा सर्वांत जड जातो. त्या मिनिटभरात जो वायर हलवत असेल, त्यानेच गाडी दुरुस्त केली अशी घराण्यात नोंद होते आणि पुढे सगळ्या नातेवाइकांचे मिक्सर त्याच्याकडे येऊ लागतात.

३. बॅटरी

सीट उचलावी. खाली ६ व्होल्ट ४.५ एएच किंवा १२ व्होल्ट ७ एएच असे काहीसे छापलेला जड ठोकळा दिसेल. लाल-काळ्या वायरींची टोके घट्ट बसली आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवट भुकटी धरली आहे का, ते पाहावे. बॅटरी सोडवून भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी. फुंकर मारू नये.

आता मल्टिमीटर, २० व्होल्ट डीसीवर. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. एवढ्यावर पेढे वाटू नयेत. मालकाला आत बसवून पेडल दाबायला सांगावे आणि तेव्हाचा आकडा पाहावा. तो धाडकन ८ वर आला, तर कट्ट्यावर गर्जणारा आणि सोसायटीच्या सभेत माइक हाती येताच गप्प होणारा सभासद जसा, तशी ही बॅटरी समजावी. आवाज आहे, दम नाही.

कारण बहुधा एकच असते. जूनमध्ये पाऊस लागला म्हणून गाडी बाल्कनीत ताडपत्रीखाली गेली आणि थेट दसऱ्याला धुवायला बाहेर आली. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली, की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती चार्जिंग घेईनाशी होते. मग चार्जर लावल्यावर दोन मिनिटांत हिरवा दिवा लागतो. "चार्जर फास्ट आहे" असा त्याचा अर्थ काढू नये.

४. चार्जर

मूळ चार्जर हरवलेला असतो. त्याच्या जागी राउटरचा अडॅप्टर लावण्यात येतो, कारण पिन बसते आणि वर १२ व्होल्ट लिहिलेलेही असते. परंतु १२ व्होल्टची बॅटरी भरायला १४ च्या आसपास व्होल्ट लागतात. राउटरचा अडॅप्टर तिला रात्रभर नुसती सोबत करतो. सकाळी गाडीही बंद असते आणि वायफायही.

५. निषिद्ध कृत्ये

"पोराला जरा स्पीड मिळू दे" म्हणून जास्त व्होल्टची बॅटरी जोडू नये. मोटरला जोडलेले गिअर बहुधा प्लॅस्टिकचे असतात. मोटर घूंऽऽ करते, आतून कटकट ऐकू येते आणि चाक ढिम्म हलत नाही, तेव्हा त्यांचे दात झडले असे समजावे. गाडी पुढे पळत असतानाच खटका मागे टाकल्यानेही तेच होते. गिअरबॉक्स मोटरसकट बदलून मिळतो.

'टेस्टिंग'साठी मोठ्यांनी बसू नये. लहान गाड्यांची वजनमर्यादा साधारण २५ ते ३० किलो असते. "अर्धवटच टेकलो होतो" ही सबब गिअरना मान्य नसते.

६. विल्हेवाट आणि देखभाल

१२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी छोट्या यूपीएसलाही लागते, त्यामुळे ती खेळण्यांच्या दुकानापेक्षा इन्व्हर्टर-बॅटरीवाल्याकडे लवकर मिळते. जुनी त्यालाच परत द्यावी. आत शिसे आणि आम्ल असते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यात मिसळायची नाही. म्हणून घंटागाडीत टाकू नये. "कधीतरी कामाला येईल" म्हणून माळ्यावरही चढवू नये. तिथे आधीच तीन मिक्सरची भांडी कामाला येण्याची वाट पाहत आहेत.

नव्या बॅटरीला गाडी वापरात नसतानाही महिन्यातून एकदा पूर्ण चार्जिंग द्यावे. हे काम 'सगळ्यांनी मिळून' करायचे ठरवल्यास कोणीही करत नाही. सबब आठवण करून देण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात मालकाकडे सोपवावी. चार्जरला त्याने हात लावायचा नाही. "बाबा, लावली का?" हे तो बाबा उठेपर्यंत, लागोपाठ आणि चढत्या आवाजात विचारू शकतो. एवढी चिकाटी समितीत दुसऱ्या कोणाकडेही नाही.