वळिवाचे सुपरवायझर

तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या अंगाला जी बंगल्यांची वस्ती आहे, तिथे एक जमात नांदते. वय साठीपुढे, अंगात जुन्या कंपनीचा धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट, हातात कात्री आणि नजर आभाळात. पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्यातरी कारखान्यात उभा जन्म क्वालिटी खात्यात काढायचा आणि निवृत्तीनंतर पुण्यापेक्षा हवा बरी म्हणून इथे यायचं, ही त्यांची रीत. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात, आपणही काकाच म्हणू. याच तळेगावात राहून गो. नी. दांडेकरांनी गडकोट पालथे घातले. काका मार्च लागला की फाटकाबाहेर पडत नाहीत.

बागेचा कारभार पाळ्यांवर चालतो. जास्वंद फर्स्ट शिफ्टला, मोगरा सेकंडला, रातराणी नाइटला. कढीपत्ता परमनंट, झेंडू काँट्रॅक्टवर. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे दिसले की ब्रेकडाउन जाहीर होतो, निंबोळी अर्काचा पंप बाहेर निघतो आणि काकूंचा स्वयंपाक ओव्हरटाइममध्ये जातो.

पावसाळ्याशी काकांचं वैर नाही. मावळातला पाऊस लोणावळ्याकडून येतो आणि मुक्काम ठोकतो, त्याच्याशी काय भांडणार? खरी मजा शिमग्यानंतर. पहाटे चादर लागते, दुपारी गंजीफ्रॉकही नको होतो, चारला आभाळ गच्च भरून येतं आणि पाचला एकतर गारा पडतात, नाहीतर काहीच पडत नाही. समुद्रावरचं बाष्प आणि उत्तरेचे कोरडे वारे भिडले की ढग उभे चढत जातात, एवढं शास्त्र काकांना पाठ आहे. ते नेमके आपल्या गल्लीवर रिकामे होणार की वडगावावर, हे शास्त्र सांगत नाही. ते काका सांगतात, आणि चुकतात.

"वळीव पूर्वेकडून येतो," ते चाकणच्या दिशेला बोट करून सांगतात. "चाकणचा माल. डिस्पॅचची वेळ विचारू नका."

पुण्याच्या वेधशाळेला ते अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं, ही माहिती दूधवाल्यालाही दोनदा ऐकावी लागलेली आहे. तिथल्यासारखीच सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, हा काकांचा दंडक. पर्जन्यमापक घरचा, म्हणजे थंड पेयाची बाटली कापून तिचं तोंड उलटं बसवलेलं आणि बाजूला नातवाची पट्टी चिकटवलेली.

एकदा संध्याकाळी सर आली. गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्या. सकाळी काकांनी चष्मा सारखा करून बाटलीत पाहिलं.

"काल पावसाचा दिवस नव्हता."

"म्हणजे?"

"अडीच मिलिमीटर लागतो. तेव्हा कुठे पावसाचा दिवस धरतात. हा जेमतेम दोन भरतोय."

"मग माझ्या कुरडया काय तुमच्या घामाने भिजल्या?"

काकांनी थोडा विचार केला आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'कुरडया भिजल्या.'

यलो अलर्ट आला की सगळ्या कुंड्या हॉलमध्ये येतात. पाहुण्यांना शेवंतीच्या मागे बसून चहा घ्यावा लागतो. बहुतेक वेळा त्या दिवशी थेंबही पडत नाही. कुंड्या परत बाहेर गेल्या की रात्री विजा सुरू. पण एक टांगती कुंडी कधीच हलत नाही, कारण तिच्यात बुलबुलाने घरटं केलंय. एका दुपारी टपोऱ्या गारा सुरू झाल्या, तशी काकू गच्चीवर वाळवणाकडे धावली आणि काका छत्री घेऊन स्टुलावर चढले. छत्री सगळी घरट्यावर धरलेली. काकांच्या टकलावर गारा वाजत होत्या आणि बुलबुलाची मादी आपल्या अंड्यांवर बसून त्यांच्याकडे संशयाने बघत होती. काकू ओरडली, "अहो, निदान हेल्मेट तरी घाला!" काका उतरले, खरोखर हेल्मेट घातलं आणि पुन्हा चढले. आता अलर्ट आला की मोबाइलआधी हेल्मेट शोधतात. सेफ्टी फर्स्ट.

दर वर्षी त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: "यंदा हवेने पार वाट लावली." माझ्या मते ही निव्वळ लबाडी आहे. ज्याने आयुष्यभर कंपनीची बस मिनिटावर पकडली आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला म्हणून माल परत धाडला, त्याला म्हातारपणी कुणालाच जाब विचारता येणार नाही असं आभाळ मिळालंय. तो सोडतो होय?

मुलाने शेडनेट टाकू या म्हटलं, तेव्हा काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. एरवी तळेगावाला छपराखालच्या फुलांचं वावडं नाही. राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था गावातच आहे, तिथे हरितगृहाचं प्रशिक्षण मिळतं. मावळच्या पॉलिहाऊसमधला गुलाब 14 फेब्रुवारीच्या आधी विमानाने परदेशी जातो. काकांना त्याचा अभिमान आहे, पण ओढ नाही. "त्या गुलाबाला काय विचारणार, काल पाऊस कसा होता?" ते म्हणतात. आपल्या बागेतला पाकळ्या फाटलेला, अर्धवट उमललेला देशी गुलाब मात्र ते प्रत्येकाला हात धरून दाखवतात, आणि फाटण्याची तारीखही सांगतात.

एप्रिलमध्ये तळेगावला जाणार असाल तर छत्री न्या आणि कापडी पिशवीही न्या. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या काका तुमच्या गळ्यात मारल्याशिवाय सोडणार नाहीत. फक्त "आज पाऊस येईल का हो?" एवढं विचारू नका. परतीची लोकल चुकेल.