सेवेसाठी थायलंड : एसटीतील एक शास्त्रार्थ

स्वयंसेवा-पर्यटन ही संज्ञा ज्या व्यवहाराला लावली जाते त्यात सेवा करणारा पैसे मोजतो, सेवा घेणाऱ्याला बहुधा कोणी विचारत नाही आणि मधला दलाल दोघांचेही आभार मानतो. मजुरानेच मजुरी भरण्याची ही रीत दुसऱ्या कोणत्याही बाजारात टिकली नसती. येथे ती टिकते, कारण विकत घेतले जाते ते समाधान आणि त्याची पावती छायाचित्राच्या रूपाने मिळते. या व्यवहाराच्या अनेक शाखांपैकी परदेशी जाऊन दृष्टिबाधित मुलांना बोली इंग्रजी शिकवणे ही शाखा विशेष मान पावलेली दिसते, कारण तिला लागणारे भांडवल म्हणजे तोंड, आणि ते प्रत्येकाजवळ असते असा समज आहे. हा समज तपासून पाहण्यास जळगावहून एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला जाणारी बस फार सोयीची ठरते. सुमारे ९० किलोमीटरच्या या प्रवासात प्रतिपक्षाला उठून जाता येत नाही, आणि ही सोय अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातही नसावी.

वक्त्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही, कारण चौघेही खानदेशात विपुल आढळतात. स्वयंसेवेच्छू हा अभियांत्रिकीची पदवी हाती पडलेला आणि नोकरी लागण्यापूर्वी काहीतरी ‘अर्थपूर्ण’ उरकून घ्यावे असे वाटणारा तरुण. ब्रेलबाई या विशेष शिक्षिका, म्हणजे दृष्टिबाधित मुलांना शिकवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या बाई. परीक्षार्थिनी ही इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली दृष्टिबाधित विद्यार्थिनी. आणि चौथा वाहक, ज्याला प्रवासी मास्तर म्हणत असल्यामुळे गाडीतील अध्यापनाचा अधिकृत हुद्दा त्याच्याकडेच होता. तिकिटे निघाली तेव्हा परीक्षार्थिनीला दृष्टिबाधितांची ७५ टक्के सवलत मिळाली, बाईंना महिला म्हणून अर्धे तिकीट पडले आणि पूर्ण भाडे एकट्या स्वयंसेवेच्छूने मोजले. पुढील चर्चेतील त्याच्या स्थानाची ही पूर्वसूचना होती.

स्वयंसेवेच्छू : बाई, थायलंडमधील एका अंधशाळेत तीन महिने बोली इंग्रजी शिकवायला जाण्याचे नक्की झाले असून, नोंदणी शुल्क, निवास आणि विमानभाडे यांची तजवीज वडिलांनी यंदाच्या केळीच्या पैशातून केली आहे.

ब्रेलबाई : म्हणजे केळी यावलची, विमान मुंबईचे आणि पुण्य थायलंडचे. हरकत नाही, परंतु तेथे कोणी तरी तुझ्या आधी पोचले असेल, ही शक्यता विचारात घेतली आहेस का?

स्वयंसेवेच्छू : तसे कोणी असते, तर शुल्क घेऊन बोलावले कशाला असते?

ब्रेलबाई : शुल्क घेऊन बोलावले, यातच त्याचे उत्तर आहे. जेनेव्हीव्ह कॉलफील्ड नावाची अमेरिकन शिक्षिका, जी स्वतः अंध होती आणि जपानमध्ये इंग्रजी शिकवून चरितार्थ चालवत असे, तिने थाई भाषेसाठी ब्रेल लिपी बसवून १९३९ मध्ये बँकॉकला अंधशाळा उघडली, आणि १९६१ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा तुझी गाडी थोडी उशिरा लागली आहे.

वाहक : गाडी वेळेवर आहे; उशीर पाळधीच्या फाटकापासून धरू नये.

स्वयंसेवेच्छू : (मोबाइलवर पुरावा शोधून) हे उदाहरण तर माझ्याच, म्हणजे प्रस्तुत पक्षाच्याच बाजूचे ठरते! परदेशी बाई गेली, इंग्रजी शिकवले आणि शाळा उभी राहिली. आपल्याकडेही तेच झालेले दिसते: अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये, विक्रम संवतातल्या छपन्नाच्या दुष्काळाच्या पाठोपाठ, मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढे दादरची कमला मेहता शाळा झाली, आणि तेथे शिकलेल्या प्रांजल पाटील २०१६ च्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १२४ व्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन सनदी अधिकारी झाल्या. आता बोला.

ब्रेलबाई : बोलण्यासारखे एवढेच, की यांपैकी कोणाचेही परतीचे तिकीट आधी काढलेले नव्हते.

येथे पूर्वपक्ष काही काळ खिडकीबाहेरची कपाशी पाहत राहिला. मग त्याने मुद्दा बदलला, जो वादशास्त्रात पराभवाचा प्रकार मानला असला तरी एसटीत सर्रास चालतो, आणि पिशवीतून रंगीत चित्रकार्डांचा जाड गठ्ठा काढला. प्रत्येक कार्डावर एक वस्तू आणि तिचे इंग्रजी नाव छापलेले होते. कार्डे फाटू नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकचे चकचकीत आवरणही घातले होते.

परीक्षार्थिनी : (काही कार्डे चाचपून) सगळी फळे चौकोनी आणि गुळगुळीत आहेत. निदान सफरचंदाला देठ ठेवायला हवा होता.

स्वयंसेवेच्छू : ही कार्डे... प्रेरणेसाठी आहेत.

ब्रेलबाई : कोणाच्या? अशा कार्डांनी शिकलेले मूल ‘आकाश निळे असते’ हे वाक्य बिनचूक म्हणते आणि पूर्ण गुणही मिळवते. अनुभवाचा आधार नसलेला शब्द योग्य जागी वापरण्याच्या या सवयीला थॉमस कट्सफोर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतःही अंध होता, १९३० च्या दशकात नाव दिले. मराठीत तिला शब्दमात्रता म्हणता येईल. म्हणून वर्गात खरे सफरचंद न्यावे लागते, खरी किल्ली, खरे कुलूप, आणि शक्य असेल तर खरी शेळीसुद्धा.

स्वयंसेवेच्छू : पण या कार्यक्रमाचा इम्पॅक्ट मोठा आहे, एक्सपोजर आहे, शिवाय कम्युनिटी एंगेजमेंट...

परीक्षार्थिनी : यांपैकी कोणत्या वस्तूला हात लावून पाहिला आहे का?

शब्दमात्रता हा केवळ दृष्टिबाधितांचा दोष मानणाऱ्या अभ्यासकांनी या प्रश्नाची नोंद घ्यायला हवी. स्वयंसेवेच्छूने ती घेतली नाही. त्याने ‘व्हेरी वेल’ असे इंग्रजीत म्हणून हसण्याचा प्रयत्न केला.

परीक्षार्थिनी : त्यात दोन्ही ‘व’ सारखेच आले. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो आणि दात लांब राहतात. डोळस मूल शिक्षकाचे तोंड पाहून हे उचलते. ज्याला तोंड दिसत नाही त्याला ते शब्दांत सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते.

ब्रेलबाई : ‘पेन’ म्हणताना तळहात तोंडासमोर धर. हवेचा फटका बसला नाही, तर ते पेन धुळ्याचे, लंडनचे नाही.

स्वयंसेवेच्छूने तळहात तोंडासमोर धरून तो शब्द अनेकदा उच्चारला, तेव्हा मागच्या बाकावरील एका आजोबांनी खिशातले पेन काढून त्याच्यापुढे केले. खानदेशातील परोपकार हा असा शुल्कमुक्त असतो.

पारोळा मागे पडल्यावर बाईंनी पिशवीतून स्लेट आणि स्टायलस काढले. ब्रेलचे प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या चौकटीत बसते, डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजवीत ४, ५, ६. भारतीय भाषांसाठी एकरूप केलेली भारती ब्रेल १९५१ पासून वापरात असून तीत मराठीही लिहिली जाते. स्लेट म्हणजे कागद धरणारी, चौकोनी खिडक्यांची बिजागरीची पट्टी, आणि स्टायलस म्हणजे मुठीत बसणारे बोथट टोकाचे टोचणे. टोचलेले टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उठत असल्यामुळे लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि वाचायचे कागद उलटून डावीकडून उजवीकडे, त्यामुळे लिहिताना टिंबांची डावी-उजवी ओळही उलटी धरावी लागते. बाईंनी अक्षरांचा तक्ता समोर ठेवून फक्त ‘कमळ’ लिहायला सांगितले. स्वयंसेवेच्छूने तक्त्यावरची टिंबे जशीच्या तशी, डावीकडून उजवीकडे, जीभ किंचित बाहेर काढून टोचली आणि कागद परीक्षार्थिनीकडे दिला.

परीक्षार्थिनी : (तर्जनी फिरवून) लशख.

वाहक : लशख हा थांबा या मार्गावर नाही.

चूक मात्र पूर्णपणे शास्त्रशुद्ध होती. कागद उलटताच शेवटचे अक्षर पहिले झाले आणि प्रत्येक अक्षराच्या दोन ओळींनी जागा बदलल्या. ४-५-६ चा ‘ळ’ हा १-२-३ चा ‘ल’ झाला, १-३-४ चा ‘म’ १-४-६ चा ‘श’ झाला, आणि १-३ चा ‘क’ ४-६ चा ‘ख’.

ब्रेलबाई : आणि हे तर मराठी. संक्षिप्त इंग्रजी ब्रेलमध्ये, म्हणजे जागा वाचवण्यासाठी शब्द आखडून लिहिण्याच्या पद्धतीत, सुमारे १८० संक्षेप असतात; आपला ‘क’ तेथे एकटा आला की त्याचा अर्थ ‘नॉलेज’ असा होतो.

स्वयंसेवेच्छू : परंतु शिकवायचे आहे ते बोली इंग्रजी, लेखनाचा संबंध येतो कोठे?

ब्रेलबाई : मूल संध्याकाळी विचारील, की आज शिकलेला शब्द लिहायचा कसा, तेथे. आणि भाषेआधी ताटही शिकावे लागते. पानातील जागा घड्याळाच्या आकड्यांवरून सांगतात: भाकरी नऊ वाजता, भरीत सहा वाजता, ठेचा बारा वाजता. ठेच्याची वेळ चुकीची सांगितलीस, तर मूल तुझ्याकडून इंग्रजी शिकण्याआधी तुला अहिराणी शिकवील.

परीक्षार्थिनी : आणि ‘ते तिकडे आहे’ असे बोट दाखवून सांगू नये, बोलण्याआधी नाव सांगावे आणि खोलीतून जाताना जातो म्हणून सांगावे, नाही तर समोरचा रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

वाहक : हे आमच्याकडे आधीपासून आहे. थांब्याचे नाव ओरडल्याशिवाय गाडी उभी राहत नाही.

ही गोष्ट खरी आहे, आणि तिची दखल कोणत्याही परदेशी कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात घेतलेली नसते.

ब्रेलबाई : हे सगळे जळगावातही शिकता येते. दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दृष्टिबाधित आणि इतर दिव्यांग तरुण राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात.

स्वयंसेवेच्छू : तेथे तर रिक्षाने जाता येते.

परीक्षार्थिनी : दूरचेच हवे असेल, तर मार्च महिना सर्वांत दूर असतो. तेव्हा लेखनिक सापडत नाही. लेखनिक म्हणजे परीक्षेत सांगितलेले उत्तर जसेच्या तसे उतरवणारा माणूस. तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, पण ती लिहिणारा आला तरच उपयोगाची. कबूल केलेल्या लेखनिकाच्या आतेभावाचे लग्न नेमके इतिहासाच्या पेपरादिवशी निघते.

स्वयंसेवेच्छू : मार्चमध्ये तर थायलंड... परंतु तीन-चार तासांचाच प्रश्न असेल, तर विचार करता येईल.

ब्रेलबाई : करता येणार नाही. नियमानुसार उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावे लागते. तू अभियंता आहेस, अपात्र.

अपात्रतेने इतका आनंद झालेला उमेदवार बेरोजगारीच्या या काळात विरळाच. तो आनंद फार टिकला नाही, कारण बाईंनी लगेच त्याच्या घरातील माणसांची चौकशी सुरू केली आणि धाकटा भाऊ अकरावीत असल्याचे निष्पन्न झाले. फोन लावण्यात आला. मार्चमधील सेवेचे स्वरूप ऐकून घेतल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला तो प्रमाणपत्राविषयी.

परीक्षार्थिनी : प्रमाणपत्राचे पाहता येईल, आधी एक वाक्य उतरवायला सांगा. गेल्या खेपेच्या लेखनिकाने ‘राजवाडे’ यांचे ‘राजवडे’ केले, आणि तपासणाऱ्याने ते खाद्यपदार्थ समजून गुण कापले. लिही : इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले.

काही क्षण पलीकडून पेन घासल्याचा आवाज आला, मग शंका आली : राजवाडे म्हणजे एक राजवाडा, की पुष्कळ?

परीक्षार्थिनी : धुळ्यापुरता एकच.

वाहक : धुळे! धुळे! उतरून घ्या.