दिवसाढवळ्या दिवा

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका 2003 च्या. म्हणजे कायदा दोघींचा थोरला भाऊ, आणि थोरल्याचे घरात किती चालते ते ठाऊकच आहे.

2015 मध्ये दिल्लीहून पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला: सोडियमचे पिवळे दिवे काढा, एलईडी लावा. उत्तम. आमच्या गल्लीतला दिवाही (शहर विचारू नका) पांढराशुभ्र झाला. वीज निम्मी खातो, म्हणून बिचारा दुप्पट वेळ जळतो, भर दुपारीसुद्धा. मे महिन्यात पारा 45 कडे सरकला की सूर्याला आमच्याकडून तेवढीच सोबत. "बंद कोण करतं भो?" विचारले, तर उत्तर मिळाले, बटण ठेकेदाराकडे आहे.

उद्योगांचे वेगळे. 2012 पासून ‘पॅट’ योजनेत बड्या कारखान्यांना बचतीचे लक्ष्य मिळते. त्याहून जास्त वाचवले तर प्रमाणपत्र, आणि ते विकताही येते. औष्णिक वीज केंद्रे या पंगतीतली. जळगावच्या डाळमिलला आणि चटईच्या कारखान्याला पंगतीचे बोलावणे नाही. त्यांचे ऊर्जा धोरण एकच, महिन्याचे बिल. ते हाती पडले की शेठ स्वतः फिरून पंखे बंद करतात.

तिकडे साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प उन्हाची वीज करतो. त्यातली चिमूटभर आमच्या दुपारच्या दिव्यापर्यंत पोचत असेल, तर ऊन पुन्हा उन्हात मिळाले म्हणायचे.